'अ'च्या अलीकडे

ग्रिम्सबीत, मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत
गुरुवारी साडेसहाला वर्ग भरतो.
हीटर एकच आहे,
त्याच्याजवळची खुर्ची आधी येईल त्याची.
तेस्फालेम आधी येतो. मासे सोलायच्या कारखान्यातून थेट,
हातांना लिंबू चोळून. तरी हॅडॉकचा वास
वहीच्या पानांना लागतोच.

वहीत अस्मारातल्या शाळेचं शिकणं जपून लिहिलेलं:
क्रियाविशेषण हे क्रियापदाचं चाकर.
हळू चाल. जोरात बोल. उद्या ये.
पण पहाटे चारला पट्ट्यावरून एक धूड सरकत येतं
आणि मुकादम रेग म्हणतो,
क्वाइट अ फिश, दॅट.
इथे चालतंय कोण? बोलतंय कोण?
मासा तर मेलेला, बर्फात.
क्रियाच उरली नाही, मग हा क्वाइट
कुणाच्या नोकरीला?

ग्लेनिस थर्लबी, वय चौऱ्याहत्तर, पगार नाही,
खडू शोधते.
नियम मलाही ठाऊक नाही रे, म्हणते,
मी गोदीच्या ऑफिसात हजेरी मांडायची.
पण कानाला ठाऊक असतं.
फळ्यावर लिहिते: क्वाइट अ नाइट.
रात्र कसली, ते सांगायचं नसलं की असं म्हणायचं.
वादळ होतं, लग्न होतं, की पोलीस आले होते,
ऐकणारा आपापलं भरून घेतो.

बोझेना म्हणते, आमचा मालक, ऑलमोस्ट अ मॅन.
सगळे हसतात. हीटरही खडखडतो.
मग हात वर न करताच उदाहरणं सुटतात:
हार्डली अ समर, म्हणजे इथला जुलै.
वन्स अ पोर्ट, म्हणजे खिडकीबाहेर
जे काही आता दिसतं ते.
जस्ट अ कफ, डॉक्टर म्हणाला होता...
हे कोण बोललं कळलं नाही,
त्यानंतर कुणी हसलं नाही एवढं खरं.

शब्द कुठे उभा आहे ते बघा, ग्लेनिस म्हणते.
मोठा, लाल, म्हातारा, हे सगळे 'अ'च्या पलीकडे,
नामाच्या खोलीत बूट काढून बसलेले.
हा मात्र 'अ'च्या अलीकडे. दारातच.
भिजत उभा राहील, पण आत ये म्हटलं तर येणार नाही.
आणि उदाहरण म्हणून लिहिते,
तिरक्या, हजेरीच्या अक्षरात:
आय वॉज ऑलमोस्ट अ मदर.

खडू मोडत नाही.
बोझेना तारीख घालून उतरवून घेते.
तेस्फालेम थांबतो, टिग्रिन्यात
हा शब्द कुठे बसेल ते चाचपतो.
मागे कप विसळता विसळता मीही
माझ्या भाषेत बघते.
आम्ही जवळ दोनदा म्हणतो: जवळजवळ.
एक जवळ पुरलं नसेल म्हणून दुसरं जोडलं असेल कुणीतरी,
तरी पोचलं नाही ते नाहीच.

मिस, ऑलमोस्ट म्हणजे किती?
तो विचारतो. खोटं नाही, वाईट हेतूनं नाही;
मोजमापाच्या कामावरचा माणूस.
सव्वीस आठवडे, ग्लेनिस म्हणते.
लिहून घे. परिमाणवाचक.

साडेआठला ती फळा पुसते.
खांदा दुखरा, हात डावीकडे पुरत नाही,
त्यामुळे 'मदर' पुसला जातो
आणि ऑलमोस्ट अ तसंच राहतं,
उघड्या दारासारखं, शुक्रवारभर, शनिवारभर.

रविवारी तिथे मुलांचा वर्ग असतो.
पुढच्या गुरुवारी आम्ही आलो तेव्हा
पुढे कुणीतरी निळ्या खडूनं
एक डायनॉसोर काढून ठेवला होता,
शेपूट फळ्याबाहेर, भिंतीवर गेलेलं.
ग्लेनिस बराच वेळ बघत राहिली.
क्वाइट अ टेल, म्हणाली,
आणि तेवढा कोपरा सोडून
उरलेल्या फळ्यावर शिकवू लागली.