जोडसायकल

चाळीस वर्षं वीबे पुढे बसायचा, मी मागे.
त्याच्या कोटाच्या शिवणीपलीकडचं फ्रीसलँड
मी फारसं पाहिलंच नाही.
आता पुढे मी.

दवाखान्यातली पोरगी म्हणाली,
मिनिटाला ऐंशी फेरे, रमतगमत नको.
बोलता यावं, पण गाता येऊ नये
इतका दम लागला पाहिजे.
तो तसाही कधी गायला नाही.

उंबऱ्याशी त्याचे पाय
डिंक लावल्यासारखे चिकटतात.
हा माणूस कालव्यावरचा पूल उचलायचा,
जहाजं थांबायची त्याच्या हातापुढे.
आता सदऱ्याचं एक बटण
पावणेनऊला सुरू होतं, नऊला लागतं.

पण पायडलवर पाय बांधले की
त्यांना जुनं काहीतरी आठवतं.
मला मागे वळून बघता येत नाही.
साखळीतून कळतं.
जड झाली, तर सगळं ओझं माझ्यावर;
हलकी झाली, तर तो आहे.

बांधावर समोरून वारा, मेंढ्या.
सत्तर. बहात्तर. "सीत्स्के, हळू!"
मी ऐकलंच नाही असं केलं.

घरी आल्यावर त्यानं यादी लिहिली.
गेल्या महिन्यात अक्षरं म्हणजे
मुंग्यांची रांग.
आज "कांदे" मी चष्म्याविना वाचलं.
खाली "लोणी", जरा बारीक.
"काडेपेटी"ला पुन्हा मुंगी.

मग उठला, आणि दारात अडकला.
मी माझं पाऊल त्याच्यापुढे आडवं ठेवलं.
ते ओलांडून तो स्वयंपाकघरात गेला,
कांदे आधीच आणलेत का बघायला.