दारे धरणारी

नुकुसच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबून मी बसते.
तरी वारा मीठ आणतोच.
काचपट्टी पुसते, पुन्हा लावते.

आजची गाठ उलबोसिनची. वय त्रेपन्न. डावा स्तन.
तिच्या नावाचा अर्थ: मुलगा होवो.
चौथी मुलगी झाली तेव्हा बापाने ठेवलेलं.
पाचव्या खेपेला तो झालाही.
त्याच्या कापसाला पाणी हीच देते,
एकोणतीस वर्षं, रात्रीची, रबरी बुटांत.
नोंदवहीत नाव त्याचं.

भिंगाखाली तपकिरी रंगात उमटतात
नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या.
जिथे सर्वांत दाट, तिथे मोजायच्या.
सात. अकरा. एकही सरळ नाही.
एक रुंद होता होता सुईएवढी होते,
एक वळून स्वतःलाच मिळते,
एक कुठेच जात नाही.

आधी ही गाठ तिळाएवढी होती, कदाचित वर्षानुवर्षं,
शेजारच्या ओलीवर तगलेली.
मग मधल्या पेशींचा श्वास कोंडला
आणि त्यांनी हाक घातली.
हाक म्हणजे एक प्रथिन,
पाझरत पाझरत पोचलं
जवळच्या धडधाकट रक्तवाहिनीपर्यंत.
तिने तरी काय करावं?
जखम भरताना, गर्भ रुजताना
हीच हाक येते, याच आवाजात.
तिने दार उघडलं.

आमच्या खोलीत रोगी येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात.
उलबोसिन जिने चढून आली.
म्हणाली, माझं आहे ना, मग बघू दे.
डोळा लावला. बराच वेळ काही बोलली नाही.
मग, रागावून:
‘हे खणलं कुणी?
उतार नाही, अस्तर नाही,
निम्मं पाणी वाळूत जातंय.’

खरंच गळतं, मी म्हटलं.
गळतं म्हणून आत दाब साचतो,
आणि औषध शिरू पाहतं तर त्याला वाट मिळत नाही.

‘मग पाणी तोडा.’

तोडणारं औषध आहे.
स्तनाच्या गाठीत वाटलं होतं तेवढं चाललं नाही.
काही पेशी मरतात. काही निघून जातात,
दुसरीकडे.

ती हसली. तिचा एक दात सोन्याचा आहे.
‘तहानलेल्याचं पाणी तोडलं
तर तो गप्प बसतो होय?
रात्री येऊन बांध फोडतो. मी फोडलाय.
आधी पाट नीट करावा, थोडा का होईना.
मग त्यातून विष सोडलं
तर शेवटच्या वाफ्यापर्यंत जातं.’

ताश्कंदच्या परिषदेत एवढंच सांगायला
एकाने चाळीस आकृत्या दाखवल्या होत्या.
मी तिला चहा दिला.
कपात थोडं मीठ होतं, वाऱ्याचं. दोघींनीही काढलं नाही.

लहानपणी मुयनाकला
तिने समुद्र हटताना पाहिलाय,
रोज थोडा. त्याबद्दल ती बोलत नाही.
एकदाच बोलली, जिन्याशी, पाठमोरी:
‘नद्या कुणी चोरल्या नाहीत गं,
प्रत्येकाने आपापल्या शेताला
एकेक चारी काढली, बस.’

मग वळून: ‘माझं बारं कधी?’
केमो? बुधवारी.
‘बुधवारी रात्री पाणी सुटतं. दारे कोण धरणार?’

मी खाली फोन लावला.
बुधवार खोडून
गुरुवार लिहिला.