किनाऱ्याची चौकशी

बदलीच्या कागदावरचं नाव वाचून दाखवलं
तेव्हा आईनं एवढंच विचारलं :
तिथं ओहोटी किती वाजता?
हर्णैच्या बायका परकं गाव असंच जोखतात.
मी म्हटलं, आई, भुसावळ आहे ते.
तिथं फक्त गाड्यांच्या वेळा असतात.

पहिल्या पगारात सायकल घेतली,
जामनेर रोडला, निंबा फिरकेंकडून,
हिरवी, जुनी, डावं पेडल घासलेलं.
आडनावात एवढं फिरणं असलेला माणूस
तीस वर्षं एका स्टुलावर बसून पंक्चर काढतो.
ट्यूब घमेल्यात दाबतो, पाण्याकडे बघत राहतो
आणि बुडबुडा फुटला की म्हणतो, "घावलं भो."
मी विचारलं, इथं किनारा कुठंय?
"कशाचा?"
आणि त्यानं पुढची ट्यूब उचलली.

मग रविवार आले.
रेल्वे कॉलनीत चिंचांखालून हळू जायचं,
चुन्यानं नंबर घातलेल्या घरांसमोरून,
जिथं कुणीतरी पत्र्याच्या पेटीवरचं
आधीचं गाव खोडून नवं लिहीत असतं.
यार्डात डब्याला डबा भिडतो,
ठण्ण,
मग त्याच्या मागचा, मग त्याच्या,
आवाज लांबून येतो, जवळून जातो, लांब विझतो.
एका पायावर तोल धरून मी ऐकत राहायचो.
लाट इतकी कोरडी असू शकते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

वरणगावच्या रस्त्याला रात्री लागलो
तर धुरांड्यावर लाल दिवे उघडझाप करत होते.
गावाचं नाव दीपनगर.
मी हँडल घट्ट धरलं आणि
खडक चुकवावा तसा राखेचा ट्रक चुकवला.
घरी येऊन नाक शिंकरलं, तर काळं.
दीपगृहाजवळ असं होत नसे.

नदी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.
यावलकडे जाणारा पूल,
मागच्या खिशात कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा,
पलीकडे केळीच केळी.
वारा त्यांची पानं फाडून ठेवतो
आणि मग त्याच फाटक्या पानांतून वाजतो.
डोळे मिटले असते तर फसलो असतो,
पण सायकलवर डोळे मिटता येत नाहीत.

पुलाखाली सरूबाई सपकाळे जाळं निवडत होत्या.
"कुढून आले वो?"
समुद्राकडून, म्हटलं.
त्यांनी मला पायांपासून वर पाहिलं,
जसं काही मी ओला असायला हवा होतो.
"मंग एक सांगा,
तिकडच्या मासोयीले मीठ लावा लागते का,
का ते घरूनच लावून येते?"

पंचवीस वर्षं मासे खाल्लेला मी
पंपाची नळी उगाच पिळत राहिलो.
आई मीठ लावायची. लावायचीच.
का, ते कधी विचारलं नव्हतं.

"हे पाणी जाते तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या,
"सुरतेपावतर. पुढचं मले नाही ठाऊक."
हर्णै सुरतेपासून किती खाली, ते मी बोललो नाही.
त्यांनी दोन मासे केळीच्या पानात बांधले,
पैसे मोजून घेतले, एक रुपया परत दिला.

चढावर चेन पडली.
पुडकं हँडलला लटकत होतं, त्यातून
पुढच्या चाकावर थेंब थेंब पाणी गळत होतं.
काळ्या हातांनी मी आईला फोन लावला.
सांगितलं : ओहोटी आहे इथं,
पण वेळ ठरलेली नाही.
वरती हतनूरला एक माणूस दरवाजे फिरवतो,
त्याच्या मनावर.

ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली,
त्याला विचारून ठेव.