सात नंबरची किल्ली

सराई पाडायचं पत्र आलं तेव्हा मी किल्ल्या मोजत होतो.
खोल्या चौदा, किल्ल्या तेरा.
तेवीस वर्षं हा हिशेब असाच आहे.
साहेब बदलले, रजिस्टरं बदलली,
दर मार्चात मी लिहीत आलो: सात नंबर, हरवली.

कँपातल्या लष्करी दवाखान्यावर आता तीन मजले चढणार.
त्याची नवी भिंत आमच्या ओसरीवर येते,
म्हणून आम्ही सरकायचं, हिंडलग्याच्या रस्त्याकडे.
तिथे साठ खोल्या, लिफ्ट, गरम पाणी,
दाराला किल्ली नाही, कार्ड.
दाखवलं की हिरवा दिवा लागतो म्हणे.
आणि नाही लागला तर?
सुभेदारसाहेब हसले. तर तुम्ही आहातच की, सिद्राय.

जांभ्या दगडाची सराई. चौदा खोल्यांना दोन न्हाण्या.
पलीकडे माणूस खाटेवर, अलीकडे त्याचं घर:
स्टोव्ह, पेजेचा डबा, दोरीवर लुगडं,
चंदगडचं, रायबागचं, एकदा तर थेट लेहहून आलेलं
एक मुकं जोडपं, महिनाभर चहावर राहिलेलं.
चार नंबरच्या भिंतीवर कुणी पेन्सिलीनं ताप लिहिलाय,
एकशे तीन, एकशे दोन, एकशे दोन,
मग काही नाही.
दर दिवाळीला चुना देताना
तेवढा हातभर तुकडा मी सोडत आलो.

आज सकाळी दारं काढली.
मुकादम गदगचा. माझ्या हातातला जुडगा बघून म्हणाला,
यार्दरी ई कीली?
त्याच्या बोलीत कुलूपही कीलीच, किल्लीही त्यातलीच.
मी म्हटलं, सरकारची.
त्यानं दारं ट्रकवर एकावर एक निजवली,
सात नंबरचं सगळ्यात वर, उताणं.

तेव्हा ती आली. नव्या ओपीडीचं टोकन हातात, एकशे बारा,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
शेवंता निंगाप्पा तरळे, नंदगड. नाव तिनं सांगितलं नाही,
रजिस्टरातलं माझं मला आठवलं.
कमरेच्या पिशवीतून तिनं किल्ली काढली.
लाकडी बिल्ला गुळगुळीत झालेला,
डागलेला सात मात्र होता तसा.

"द्यायची राहिली बघ.
त्यास्नी गाडीत घातलं, मागनं मी चढलो,
खानापुरात मूठ उघडून बघतो तर ही."

कुठलं दार, तिनं विचारलं.
मी ट्रककडे बोट केलं.
चाकावर पाय देऊन ती चढली, मुकादमानं हात दिला,
त्या आडव्या दाराशी वाकून
तिनं किल्ली घातली आणि पिळली.
फिरली नाही.

फिरणार कशी. तिसऱ्याच दिवशी कुलूप मी बदललं होतं,
बाहेर आठ माणसं गाठोडी घेऊन बसलेली.
माझ्या पगारातून पस्तीस रुपये कापले त्याचे.
हे सगळं मी तिला सांगितलं, पस्तीस सोडून.

"बरं केलास," ती म्हणाली.
"मला वाटायचं, माझ्यापायी खोली बंद पडली असंल,
कुणाचं तरी पोर थंडीत
व्हरांड्यात निजलं असंल."

आतून नंबर पुकारला. एकशे नऊ.
ती उतरली, पदर झटकला,
नव्या खोल्यांत स्टोव्ह चालतो काय, विचारलं.
नाही म्हटलं.
मग पेज कुठं करायची?
याचं उत्तर पत्रात नव्हतं.

किल्ली माझ्या हातात ठेवून ती गेली.
मी 'हरवली' खोडून 'जमा' लिहिलं, तारीख घातली.
पस्तीस रुपये परत मागावेत, असंही मनात येऊन गेलं.
शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो.
त्यात काय लिहायचं ते ठरेना,
तोवर मुकादमानं ट्रकच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली
आणि दारं निघाली.