उधारी

कागदावर लिहिलं होतं: नर, वय नऊ,
मागचे दोन्ही सांधे झिजलेले, सेवेस अपात्र.
चुकीचा इशारा: शून्य.
माझ्या तीन सह्या घेतल्या.
वाउटनं पट्टा माझ्या हाती दिला,
पण लगेच सोडला नाही.
त्याचं घर घेंटला, चौथ्या मजल्यावर, जिना अरुंद.
मग खिशातून लाल रबरी चेंडू काढला, चावून चावून खरबरीत झालेला.
"हा त्याचा पगार, मावशी.
स्फोटकाचा वास आला की ब्रिक बसतो.
भुंकत नाही, उकरत नाही, नुसता बसतो.
बसला की द्यायचा.
उधारी ठेवायची नाही."

लांगमार्कला माझं बीटाचं शेत.
शंभर वर्षांपूर्वीचं युद्ध आमच्याकडे अजून पिकतं.
दर वसंतात नांगराला दोन-चार तोफगोळे लागतात,
गंजलेले, बटाट्यासारखे मातीनं लडबडलेले.
ते विजेच्या खांबापाशी ठेवायचे, फोन करायचा,
लष्कराची गाडी येऊन घेऊन जाते.
सासरे तसंच करायचे. पीटरही, होता तोवर.
दुधाच्या बाटल्या दारात ठेवाव्यात, तसं.

पहिल्या सकाळी ब्रिक बांधावरून निघाला
आणि सहाव्या पावलाला बसला.
दिला चेंडू.
उठला, चार पावलं गेला, बसला.
दिला.
दुपारपर्यंत सदतीस वेळा.
मांड्या थरथरत होत्या, तरी बसत होता,
कुंदुझच्या रस्त्यावर बसायचा तसाच, पाठ ताठ ठेवून.
चाळीस वर्षं मी या मातीत वाकले,
मला तिचा मातीसारखाच वास येतो.
अडतिसाव्या वेळी त्यानं चेंडू घेतला नाही.
माझ्या बुटांकडे पाहिलं, मग घराकडे,
धुराड्याकडे, वाळत घातलेल्या चादरींकडे.

रात्री वाउटला फोन केला.
"विश्रांती दे म्हणालास. कुठं देऊ?"
बराच वेळ नुसता त्याचा श्वास.
मग म्हणाला, "समुद्रावर ने.
ती वाळू रोज धुतली जाते."

डे पानला मार्चमध्ये कुणी नसतं.
आइस्क्रीमच्या टपरीला कुलूप, वारा तिरका.
ब्रिक पाण्याच्या कडेनं नाक खाली घालून निघाला.
शिंपले. शेवाळ. खेकड्याची तुटकी नांगी.
एक निळी दोरी, तिच्यापाशी थोडा थांबला.
पार टोकापर्यंत गेला, वळला,
तीच वाळू पुन्हा हुंगत आला,
नाक्यावर सकाळपासून उभा राहूनही
काम न मिळालेल्या मजुरासारखा.

माझ्यासमोर थांबला.
समुद्राकडे पाहिलं. माझ्या खिशाकडे पाहिलं.
आणि बसला.

ओल्या, स्वच्छ, रिकाम्या वाळूवर.
कान मागे. नजर भलतीकडेच,
जाम खाऊन तोंड पुसलेल्या पोराची असते तशी.

मी गुडघे टेकले, कुरकुरले ते.
वाळूवर हात फिरवला, नीट, वेळ लावून.
"आहे रे," म्हटलं. "आहे खरंच."

आणि उधारी ठेवली नाही.