चार अक्षरं

आमच्याकडे मतपत्रिकेवर नावं छापलेली नसतात.
कोरी चौकट असते, आणि पेन्सिल.
ज्याला द्यायचं, त्याचं नाव
आपल्या हातानं लिहायचं.

म्हणून पहिल्याच वर्षी मुरोझुमी-सान म्हणाले,
"वाडवडिलांचं हे नाव फार रेघांचं आहे, कोगुरे.
पोस्टरवर साधी अक्षरं घाल,
पहिलीतल्या पोराला जमतील अशी."
मु, रो, झु, मी.
मी तेवीस वर्षांचा होतो,
खळीची बादली माझ्या हातात होती.

दहा वेळा निवडून आले.
शुक्रवारी रात्री तोक्योहून शेवटची गाडी,
शनिवारी लग्नं, रविवारी प्रेतं.
कायदा असा, की दुखवट्याचं पाकीट
पुढाऱ्यानं स्वतः जाऊन द्यावं लागतं, धाडता येत नाही.
तीस वर्षांत आम्ही किती उंबरठे ओलांडले
ते माझ्या वहीत आहे.
कुणाच्या घरी बूट काढताना कुत्रं भुंकतं, तेही आहे.
मंत्री झाले ते अकरा महिने. त्याचं एकच पान.

भाषण त्यांना कधी जमलं नाही.
पांढरे हातमोजे घालून गाडीच्या टपावर उभे राहायचे
आणि वाकायचे.
भातशेतीत कुणी नसलं तरी वाकायचे.
बुजगावण्यालाही एकदा वाकले, मी पाहिलं,
मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चष्मा बदलायला हवा."

बोगदा मात्र त्यांचाच.
चार महिने बर्फात गाडलेलं आमचं खोरं,
बाळंतीण अडली तर डोंगर आडवा.
शब्द दिला होता, एकवीस वर्षांनी पाळला.
फीत कापली त्या दिवशी म्हातारे रडले,
आणि पुढल्या मार्चपासून
त्याच बोगद्यातून
एकेक मूल बाहेर गेलं.
परत यायलाही तोच रस्ता होता,
हे त्यांनी दोनदा भाषणात सांगितलं.
तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

अकराव्या खेपेला, ऑगस्टच्या उकाड्यात,
दोनशे तेरा मतांनी पडले.
मतमोजणी शाळेच्या व्यायामशाळेत. शाळा केव्हाच बंद झालेली.
आमच्या मतपत्रिकेचा कागद विचित्र असतो,
घडी घालून पेटीत टाकला की
आतल्या आत आपोआप उलगडतो.
म्हाताऱ्यांची अक्षरं मी लांबूनही ओळखत होतो:
झुचे दोन ठिपके विसरायचे सगळे.
मुरोसुमी, मुरोसुमी, मुरोसुमी.
तीही मतं धरली गेली. तरी कमीच पडली.

रात्री त्यांनी कोटावरचं बिल्ला काढलेलं भोक
अंगठ्यानं चाचपलं,
आणि मला विचारलं, "उद्या कुणाचं प्रेत आहे?"

तीन वर्षांनी, डिसेंबरात,
गुडघाभर बर्फातून मत द्यायला आले, एकटेच.
आडोशाच्या फळीमागे फार वेळ उभे राहिले.
आयुष्यात पहिल्यांदा
दुसऱ्याचं नाव लिहायचं होतं.
बाहेर येताना मला पाहिलं
आणि वाकले, अगदी टपावरून वाकायचे तेवढेच.
मी नव्या उमेदवाराची फीत दंडावर बांधून बसलो होतो.
पोट प्रत्येकाला असतं.
मीही वाकलो.

त्या रात्री बाद मतांच्या गठ्ठ्यात
उभ्याच नसलेल्या माणसाची मतं निघाली.
एकोणीस.
अठरांवर ठिपके नव्हते.
एकावर होते.

मुरोझुमी-सान ठिपके इतके दाबून द्यायचे
की कागदाच्या पाठीवर दोन फोड उठायचे.
पाठीवरून नुसता अंगठा फिरवला असता
तरी मला कळलं असतं.

पण मोजणीला बसलेल्या साक्षीदारानं
मतपत्रिकेला हात लावायचा नसतो.