नाग येईना

सेमिनरी हिल्सच्या टाकीखाली
जिथे आधी ब्लीचिंग पावडरची पोती असायची
त्या खोलीत आता चार सर्व्हर.
नावं मीच ठेवली: पेंच, कन्हान, नाग, पिवळी.
पेंच मुख्य. बाकीच्या तिघी तिचं ऐकणार,
असं कागदावर.

मे महिना. रात्रीचे साडेअकरा, बाहेर अजून छत्तीस.
एसीचं टेंडर अडकलेलं, म्हणून कुलर.
दमट हवेत यंत्रं ठेवू नयेत
हे पुस्तिकेच्या पान नऊवर ठळक छापलंय.
मी पान दहापासून वाचायला घेतलं.

पेंचवर सगळं पहिल्या फटक्यात बसलं.
मग उरलेल्या तिघींवर तेच, तसंच,
तीच आवृत्ती, तेच पोर्ट,
तोच बदलायचा राहिलेला पासवर्ड.
पण एका परातीतल्या कणकेच्या चार पोळ्या तरी
कुठे सारख्या होतात.

कन्हान आली. पिवळी आली.
नाग येईना.
लॉगमध्ये एकच ओळ, दर तीस सेकंदांनी,
दार वाजवून पळणाऱ्या पोरासारखी.
फायरवॉल बघितली. केबल काढली, फुंकली, लावली.
फोल्डर कुणाच्या मालकीचं, कुणाला परवानगी.
सगळं झाल्यावर तिला वेळ विचारली.
सात मिनिटं मागे होती.
बाकीच्या तिघी तिचा शब्द धरतच नव्हत्या.

घनश्याम हेडाऊ, मीटर शाखा,
रिटायर व्हायला चाळीस दिवस,
कुलूप लावायचं म्हणून थांबलेले.
"काय झालं वो मॅडम, रुसली का?"
"घड्याळ चुकलंय."
"मंग लावा ना."
लावलं. आली.

एक वाजता पहिला आलेख.
हेडाऊंच्या रजिस्टरांतली अकरा वर्षं,
व्हॉल्व्ह कधी उघडला, कधी बंद,
आणि शेवटच्या आठ महिन्यांवर नव्या सेन्सरांची रेघ.
आलेखाप्रमाणे
पाणी पहाटे पाचला वाहतं
आणि व्हॉल्व्ह पाच दहाला उघडतो.
रोज. रविवारी. पोळ्याच्या दिवशी.

टाइमझोन तपासला,
तो साडेपाच तासांचा नेहमीचा घोळ. नव्हता.
पुन्हा आयात केलं. पुन्हा दहा मिनिटं.
हेडाऊ माझ्या मागे येऊन उभे,
चष्मा कपाळावर.
"ते भिंतीवरचं घड्याळ हाय ना आमचं,
पुढं हाय ते. मीच ठेवलं, त्र्याण्णवपासून."
"काहून?"
"वालवाला रोज दहा मिनिटं उशिरा येते.
किती बोलाव माणसाले? घड्याळच पुढं केलं.
लोकायले पाणी टायमावर भेटलं पाह्यजे."
"त्याला कळलं नाही?"
"कळलं ना. त्याले माहीत होतं,
मले माहीत होतं का त्याले माहीत हाय."

कॉन्फिगमध्ये एक ओळ घातली:
रजिस्टर, उणे दहा मिनिटं.
वर टीप: चूक नाही, काढू नये.
मग आठवलं, चाळीस दिवसांनी
नवा माणूस येईल, हुशार असेल,
पहिल्याच दिवशी भिंतीवरचं घड्याळ बरोबर करेल
आणि त्या सकाळपासून चूक माझी.
टिपेखाली आणखी एक टीप लिहिली.
मग त्यांचा मोबाइल नंबर.

कुलर खडखडायला लागला. टाकी कोरडी.
डोक्यावर लाखो लिटर पाणी
आणि खाली वाळ्याचा पडदा सुकलेला.
हेडाऊ बादली घेऊन निघाले.
भिंतीवर दोन वाजून गेलेले,
चारही मशिनींत अजून व्हायचे होते.
बाहेरच्या नळाला या वेळी पाणी असतं का
ते मी आलेखात बघत बसले.